शब्दचर्चा : शाश्वत विकास ध्येयांची ‘अंमलबजावणी’ की ‘स्थानिकीकरण’?

प्रश्न :
किसुमू (केनिया) आणि केप टाउन या शहरांविषयी मराठीत लिहिते आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेली १७ ध्येये या शहरांनी आपल्या कारभारात कशी आणली, हा विषय. ‘स्थानिकीकरण’ म्हटलं की मला मोबाइलमधल्या मेनूचं मराठीकरण आठवतं. सरळ ‘अंमलबजावणी’ लिहिलं तर?

प्रतिसाद १ :
सरसकट नको. अंमलबजावणी आदेशाची होते. ठरवणारा एक, राबवणारा दुसरा. इथे खटपट झाली ती मोजमापाच्या पट्टीवरच. ध्येये मंजूर होण्याआधीच शहरांविषयीच्या ११व्या ध्येयाचे कच्चे निर्देशक, म्हणजे प्रगती मोजायची मापं, केप टाउन, किसुमू, बंगळूर अशा पाच शहरांत तपासून पाहिले गेले होते.

वाहतुकीचा निर्देशकच घ्या. बसथांबा घरापासून ५०० मीटरच्या आत असेल, तर त्या माणसाला सार्वजनिक वाहतुकीची सोय आहे असं धरतात. किसुमूत लोक मटाटूने, म्हणजे खासगी मिनीबसने, नाहीतर बोडाबोडाच्या मागच्या सीटवर बसून कामाला जातात. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. हात केला की थांबते. तिचा थांबा नकाशावर कुठे दाखवणार? नैरोबीत विद्यार्थी मोबाइल घेऊन मटाटूत बसले, मार्ग नोंदत गेले, तेव्हा कुठे २०१४ मध्ये सगळ्या शहराचा मटाटू-नकाशा हाती आला. अशा कामाला अंमलबजावणी म्हणणं मला फार अपुरं वाटतं.

शिवाय ‘स्थानिकीकरण’ आपल्याकडे आता परका राहिलेला नाही. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे ‘शाश्वत विकास ध्येयांचे स्थानिकीकरण’ याच नावाखाली नऊ संकल्पनांवर बेततात. शीर्षकात तोच ठेवा. मजकुरात मात्र ‘अंदाजपत्रकात उतरवणे’, ‘शहराला लागू पडेल असे करणे’ अशी क्रियापदं येऊ द्या. वाचायला सोपं जातं.

प्रतिसाद २ :
वरच्या मताशी सहमत. ध्येय, लक्ष्य आणि निर्देशक यांची मात्र सरमिसळ करू नका. ध्येये १७, त्यांच्याखालची लक्ष्ये १६९, आणि लक्ष्य किती गाठलं ते मोजतात निर्देशक.

मुकुरूबद्दल लिहिणार असाल तर आणखी एक विनंती. नैरोबीतल्या या वस्तीत सुमारे एक लाख कुटुंबं राहतात. २०१७ मध्ये ती विशेष नियोजन क्षेत्र म्हणून जाहीर झाली. ‘झोपडपट्टी’ चालेल. ‘अतिक्रमण’ हा शब्द कृपा करून वापरू नका. तिथली बहुतेक माणसं पत्र्याच्या खोलीचं भाडं दरमहा भरतात, कॅनने पाणी विकत घेतात आणि ते पाणी त्यांना नळ असलेल्या वस्त्यांपेक्षा महाग पडतं. जमिनीचे कागद भलत्याच कोणाच्या नावावर आहेत. भाडेकरूला अतिक्रमणदार ठरवणं हा अन्याय आहे.

प्रश्नकर्ती :
पटलं. ‘स्थानिकीकरण’ आणि ‘वस्ती’ घेते. केप टाउनने २०२१ मध्ये आपल्या प्रगतीचा अहवाल स्वतःहून काढला होता. त्याला ‘ऐच्छिक स्थानिक आढावा’ म्हणू का?

प्रतिसाद १ :
‘ऐच्छिक’मुळे परीक्षेतला विषय आठवतो. ‘शहराचा स्वेच्छा आढावा’ म्हणा.