१९७१च्या ब्लॅकआऊटमधली आजोबांची सेवा आणि राजापूरकडचं मूळ गाव: कागद कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा (आईचे वडील) लालबागला गिरणीत होते. डिसेंबर १९७१च्या युद्धात रात्रपाळी नसली की खाकी कपडे चढवून गस्तीला जायचे. चौकातून शिट्टी आणि हाक, "तिसरा माळा, लाईट!" काचांवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांचा डिंक लहानपणी मी नखाने खरवडलाय. आता पेटीत शिट्टी आणि वाळवीने वरचा भाग खाल्लेला एक दाखला उरलाय. आई ७६ वर्षांची आहे. वडिलांचं नाव सरकारी कागदावर बघायचं आणि त्यांच्या गावी एकदा जायचं, एवढंच तिचं म्हणणं. राजापूर तालुका इतकंच ठाऊक आहे. भावकीशी संबंध कधीच तुटले.

प्रतिसाद १: आधी होमगार्ड की नागरी संरक्षण, ते ठरवा. दोन्हीकडे स्वयंसेवकच, त्यामुळे घरोघरी सरसकट 'होमगार्ड' म्हणायची सवय. होमगार्ड ६ डिसेंबर १९४६ला मुंबईत सुरू झालं, मुख्य काम पोलिसांना मदत आणि बंदोबस्त. चाळीचाळीतून दिवे बंद करून घेणारा वॉर्डन बहुधा नागरी संरक्षणाचा. त्याचा कायदा १९६८चा. दाखल्यावरचा शिक्का नीट बघा, मग त्याच कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पूर्ण नाव, चाळीचा तेव्हाचा पत्ता आणि वर्ष हवंच. सैन्याच्या अभिलेखात वेळ घालवू नका.

प्रतिसाद २: गावासाठी आधी आईंनाच विचारा, आजोबा गाऱ्हाणं घालताना कुठल्या देवाचं नाव घेत? कोकणात यावरून पट्टा तरी कळतो. गिरणगावात एका गावची माणसं एकाच खोलीत राहायची, तेव्हा जुने शेजारीही शोधा. गाव सापडलं की शाळेचं जनरल रजिस्टर आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना १४ (जन्म-मृत्यू नोंद) बघा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. आणि शिमग्यात जा. पालखी घरोघरी फिरते, मुंबईकर आलेले असतात, भावकीतली म्हातारी माणसं तेव्हाच भेटतात.

धागाकर्ती: आईला विचारलं, क्षणभरही न थांबता म्हणाली, "आडिवऱ्याची महाकाली." आडिवरे राजापूर तालुक्यातलंच गाव. आणि दाखला उजेडासमोर धरला, तर गोल शिक्क्यात '...संरक्षण' एवढं वाचता येतंय. सोमवारी अर्ज टाकते.