ॲपलबद्दलचं तुमचं मत कधी आणि कशामुळे बदललं? (अनुभव धागा)

गुळाचा_गणपती
पुण्यात कोरेगाव पार्कात ॲपलचं दुकान उघडलं, सप्टेंबर 2025 मध्ये. भाचा सकाळपासून रांगेत. आत शिरल्या शिरल्या त्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, तुमचा शत्रुपक्ष." तेव्हापासून डोक्यात जुन्या गोष्टी घोळताहेत, म्हणून हा धागा.

2008. आमचे पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) साहेब ऑनसाइटहून, म्हणजे परदेशातल्या कामावरून, आयफोन घेऊन आले. सगळं ऑफिस त्यांच्या टेबलाभोवती. माझ्याकडे नोकियाचा एन73, म्युझिक एडिशन. मी म्हटलं, साहेब, ब्लूटूथ चालू करा, गाणं पाठवतो. जाईना. मेसेज फॉरवर्ड करा म्हटलं, तेही नाही. कॉपी-पेस्ट? ते तर 2009 साली आलं त्यात! एवढ्या पैशात एवढंसुद्धा नाही, यावर आमची कित्येक दिवस करमणूक झाली. पुढेही कंपनीनेच दारूगोळा पुरवला. 2016 मध्ये हेडफोनचं भोक बुजवलं, 2020 मध्ये खोक्यातला चार्जर काढला. 2017 च्या डिसेंबरात तर बॅटरी जुनी झाली की आम्ही फोन हळू करतो असं स्वतःच कबूल केलं. माफी मागितली आणि 79 डॉलरची बॅटरी 29 ला बदलून द्यायला लागले. मी ती बातमी प्रिंट काढून पीएम साहेबांच्या टेबलावर ठेवली होती.

मत सरकलं ते आईमुळे. बहिणीने तिचा वापरलेला आयफोन 6एस आईला दिला. 2015 चं मॉडेल. त्यावर 2021 चं आयओएस 15 आलं आणि चाललं. माझे फोन (कंपनीचं नाव नको) दोन वर्षांत अपडेट बंद होऊन पोरके. पुढे वाचलं की 2013 च्या 5एसलासुद्धा 2023 च्या जानेवारीत सुरक्षेचा अपडेट दिला. नऊ वर्षांच्या वर! कागद-पेन्सिल घेऊन दर वर्षाचा खर्च काढला आणि गप्प बसलो. म्हणजे विकत नाही घेतला अजून. पण आता टोमणे मारत नाही, मारलेच तर हळू.

तुमचं सांगा. उलट दिशेने बदललं असेल तरी चालेल.

खवट_खोबरं
दोन्ही किडन्या जागेवर असल्याने मत देण्यास अपात्र.

मुळ्याची_भाजी
+१ खोबरं
संध्याकाळी सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

पांढरी_काठी
माझं जरा वेगळं आहे. मला दिसत नाही. नोकियाला बटणं होती, बोटांना पाठ झालेली. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र वेगळे पैसे देऊन टाकावं लागायचं. टचस्क्रीन आले तेव्हा आम्हा मित्रांची खात्री झाली की आता आपला कारभार आटोपला. सपाट काच. तिच्यावर आम्ही काय चाचपडायचं? आयफोन म्हणजे डोळसांचे चोचले, हे माझं जाहीर मत होतं.

2009 च्या आयफोन 3जीएसमध्ये व्हॉइसओव्हर (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) आलं, फोनच्या किमतीतच. मित्राने हातात दिला तेव्हाही मी "बघू" म्हणालो. बोट फिरवलं की खाली जे असेल ते बोलतो, दोनदा टकटक केली की उघडतो. दोन बोटं नळाच्या चावीसारखी फिरवली की शब्दाशब्दाने वाच, ओळीओळीने वाच, असं निवडता येतं. 2014 पासून तर काचेवरच ब्रेलच्या सहा ठिपक्यांनी टाइप करता येतं.

आणि माझी सगळ्यात लाडकी सोय म्हणजे पडदा. तीन बोटांनी तीनदा टकटक केली की स्क्रीन काळी, फोन चालूच. कल्याण लोकलमध्ये कानात इयरफोन घालून काळ्या काचेवर बोटं फिरवत बसतो. एक गृहस्थ अगदी कळवळून म्हणाले, "काका, बंद पडलाय तो." मी म्हटलं, माहितीये हो, सवय आहे.

आरती ओवाळत नाहीये. अँड्रॉइडचं टॉकबॅकही आता पुष्कळ सुधारलंय आणि ओळखीतली मुलं विचारतात तेव्हा मी बजेट बघून अँड्रॉइडच सुचवतो. पण काच बघून घाबरलेल्या आमच्या पिढीची भीती आधी त्या फोनने घालवली.

मुळ्याची_भाजी
काका, "सवय आहे" ला फुटले. कुकरची शिट्टी राहिली मोजायची.

चिंचोके
@पांढरी_काठी, नोटा ओळखायला काय वापरता? आमच्या आजोबांना हवंय. नवीन नोटांचे आकार कळत नाहीत म्हणतात.

पांढरी_काठी
रिझर्व्ह बँकेचं "मनी" नावाचं ॲप आहे, 2020 च्या जानेवारीत आलं. फुकट. दोन्हीकडे चालतं, नेट लागत नाही. नोट कॅमेऱ्यासमोर धरायची, बोलून सांगतं. खरी की खोटी ते सांगत नाही हं, फक्त कितीची ते.

जमाखर्च
किमतीवरून ओरडणाऱ्यांनी थोडं सरकारकडेही बघावं. मोबाईलवरचा जीएसटी 2020 च्या एप्रिलपासून 12 चा 18 टक्के झाला. आयात शुल्क 20 होतं, ते जुलै 2024 च्या बजेटमध्ये 15 झालं. शिवाय आता भारतात जोडणी होते. 2017 मध्ये बंगळुरूत आयफोन एसईपासून सुरुवात, मग चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर. कोलारजवळचा विस्ट्रॉन या तैवानी कंपनीचा कारखाना 2023 मध्ये टाटांनी घेतला.

खवट_खोबरं
जोडणी इथली, भाव तिथला.

जमाखर्च
सुटे भाग तर बाहेरूनच येतात ना. असो, रिटर्नचे दिवस आहेत, पळतो.

सागवान
मी मुंबईत बीकेसीच्या ॲपलच्या दुकानात गेलो होतो, 2023 च्या एप्रिलमध्ये उघडलं तेव्हा. फोन बघायला नव्हे, छत बघायला. आमचा लाकडाचा धंदा आहे. एकेका फरशीत लाकडाचे 408 तुकडे, अशा हजार फरश्या. सगळे तुकडे मिळून चार लाखांच्या वर आणि जोडकाम दिल्लीत झालेलं. मी मान वर करून इतका वेळ उभा की तिथला मुलगा येऊन म्हणाला, सर, मे आय हेल्प यू? म्हटलं, शिडी आण.

कंपनीबद्दल मत? आपल्याकडे वर कोण बघतंय म्हणून पीओपी ठोकून मोकळे होतात. यांनी डोक्यावरच्या कामावर एवढा खर्च केला. तेव्हापासून मी त्यांना गंभीरपणे घेतो. फोन माझा अजून साधाच आहे.

चिंचोके
त्याच वेळी ॲपलचा टिम कुक वडापाव खायला गेला होता ना?

मुळ्याची_भाजी
हो, माधुरी दीक्षितबरोबर, स्वाती स्नॅक्समध्ये! फोटो टाकला होता. तेव्हा आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या, "बरा दिसतोय मुलगा, तिखट सोसलं वाटतं."

खवट_खोबरं
वडापाव गाडीवर, उभ्याने, कागदात. प्लेटमध्ये आला की तो अल्पोपाहार होतो.

सागवान
आणि वर तळलेली मिरची. वेगळ्या वाटीत नाही.

चिंचोके
कर्जत स्टेशन. विषय संपला.

गुळाचा_गणपती
मंडळी, धागा!!

न्यूजर्सीची_नणंद
इकडे मत बदलायचा प्रश्नच नाही, शाळेतली पोरंच ठरवतात. आयफोनवरून आयफोनवाल्याला पाठवलेला मेसेज निळा दिसतो, बाकीच्यांना पाठवलेला हिरवा. 2024 च्या आयओएस 18 पासून आरसीएस (अँड्रॉइडवाल्यांशी मेसेज करायची नवी पद्धत) आलं, फोटो धड जायला लागले, रंग मात्र हिरवाच ठेवला! भारतात सगळे व्हॉट्सॲपवर, त्यामुळे हे लोण तिकडे पोचलं नाही, नशीब तुमचं. मी पूर्वी कौतुक करायचे. आता चौदा वर्षांच्या मुलीला "रंगावरून माणूस ओळखू नये" हे फोनच्या संदर्भात समजावतेय.

तांबडा_रस्सा
कोल्हापूर. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मॅक म्हणजे मुंबईवाल्यांचा शो, असं म्हणायचो. 2020 च्या शेवटी एम१ (ॲपलची स्वतःची चिप) वाला मॅकबुक एअर आला, आत पंखाच नाही! लॉकडाऊनमध्ये लग्नंच नव्हती म्हणून घेतला नाही, पुढे सेकंडहँड घेतला. जुना लॅपटॉप रेंडरला (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायला) लावला की खोलीत बसवत नव्हतं, मांडीवर तर नाहीच. यावर रेंडर लावतोय आणि मांजर शेजारी झोपतंय. एकच बोंब, रॅम नंतर वाढवता येत नाही. घेतानाच विचार करा भावांनो.

मुळ्याची_भाजी
मांजराचा फोटो टाका.

हिशेबी_हळद
मी अजून विरोधी पक्षातच. 2023 मध्ये आयफोन 15 ला यूएसबी-सी आलं आणि सगळे काय कौतुक करत सुटले! युरोपने कायदा केला, डिसेंबर 2024 नंतर विकायचं तर हेच पोर्ट, म्हणून आलं. कान पकडल्यावर अभ्यास करणाऱ्या मुलाला बक्षीस द्यायचं का? माझं मत युरोपियन युनियनबद्दल बदललं. माझ्या घरात आता एक वायर चार माणसांना पुरते आणि त्यावरून रोज भांडणं होतात, तो भाग वेगळा.

गुळाचा_गणपती
@हिशेबी_हळद, हे पटलं. पण मग अपडेटचं काय? तो तर कुणी कायद्याने लावला नव्हता.

हिशेबी_हळद
आता सॅमसंग आणि गूगलही सात वर्षांचे अपडेट देतात, वरच्या मॉडेलना. गूगलने 2023 मध्ये, सॅमसंगने 2024 मध्ये जाहीरच केलंय. स्पर्धा झाली की सगळे शहाणे होतात. तुमचा 6एसचा हिशेब त्या काळापुरता बरोबर, आज परत मांडा.

गुळाचा_गणपती
मांडतो. कागद संपत आलाय.

पांढरी_काठी
ते बंगळुरूच्या मुलांचं वाचलं होतं का? 2024 मध्ये एअरपॉड्स (ॲपलचे बिनवायरचे इयरफोन) श्रवणयंत्रासारखे वापरायची सोय निघाली, पण तेव्हा भारतात चालू नव्हती. आजीसाठी हवी म्हणून पोरांनी मायक्रोवेव्ह वगैरे लावून फोनला बाहेरचं काही ऐकूच येणार नाही असा पिंजरा केला आणि तो अमेरिकेत असल्याची त्याची समजूत घालून दिली. मला त्या कंपनीपेक्षा त्या पोरांचं कौतुक वाटलं.

चिंचोके
अशक्य आहेत! आजोबांसाठी मायक्रोवेव्ह बाहेर काढू का?

खवट_खोबरं
आधी आजोबांना विचारा. बऱ्याच आजोबांना ऐकू येत नाही ते सोयीचं असतं.

जमाखर्च
परत आलो. तेव्हा राजकारण्यांना ॲपलकडून हेरगिरीचे इशारे गेले होते, 2023 मध्ये, त्यावरून माझं मत

मुळ्याची_भाजी
राजकारण नको हो प्लीज, मागचा लोणच्याचा धागा त्यानेच बंद पडला.

जमाखर्च
बरं. लोणचं कसं झालं शेवटी?

मुळ्याची_भाजी
खार कमी पडला. सांगते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून.

नवी_पालवी
पहिल्यांदाच लिहितेय. आईला जुना आयफोन घ्यायचा आहे, पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजारात बघितले. कुठलं मॉडेल घेऊ? तिला फक्त व्हिडिओ कॉल आणि भजनं लागतात.

गुळाचा_गणपती
पालवीताई, आयफोन 13 किंवा त्यापुढचा बघा. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ 85 च्या वर आहे ना ते तपासा. आधीच्या मालकाने आपलं खातं काढून टाकलंय याची खात्री दुकानातच, तुमच्यासमोर करून घ्या. नाहीतर नुसता कागदावर ठेवायचा वजनदगड होतो.

हिशेबी_हळद
आणि भजनं ब्लूटूथने पाठवायला जाऊ नका.