पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग: एवढा आटापिटा कशासाठी?

मुठाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "२०२३च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं तेव्हा पुणेकरांनी उगाच गळे काढले. बातम्या कुठूनही वाचा, त्याच असतात." वाचून डोकंच फिरलं. अहो, वाचणं शेवटचं काम. आधी त्या गोळा कराव्या लागतात. खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेकने पाणी सोडलं, भिडे पूल वाहतुकीला बंद केला का, हे इथल्या माणसालाच चटकन कळतं. २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालेलं हे पुणे आकाशवाणी केंद्र. इथल्या वृत्तनिवेदिका सुधा नरवणेंचा आवाज घराघरात ओळखीचा होता. वेगवेगळ्या पक्षांनी ओरड केली म्हणून केंद्रीय मंत्र्यांनी निर्णय थांबवला, ते योग्यच झालं.

गोदाकाठचा: म्हणजे संभाजीनगरच्या माणसाला फोन लावता येत नाही? "बातम्या तिकडे गेल्या" म्हणून केवढा तो अपमान वाटला तुम्हाला! गारपिटीत आमची मोसंबीची बाग आडवी झाली, ती बातमी पुण्याच्या पेपरांत कुठेतरी आतल्या पानावर. माझे वडील परभणी केंद्र ऐकूनच शेतीचे बेत आखायचे. आम्हालाही केंद्रं आहेत, माणसं आहेत.

मुठाकाठ: अपमान कुणी केला? मी तर म्हणतो संभाजीनगरलाही माणसं द्या. पुण्याची काढून तिकडे नेऊ नका, इतकंच. तुमच्या बागेची बातमीही तिथल्याच माणसाने द्यायला हवी, नाही का?

सदाशिवातला: पुणे केंद्र म्हणजे १९५५च्या रामनवमीला सुरू झालेलं गीतरामायण. माडगूळकर, फडके, आकाशवाणीतले सीताकांत लाड. त्या केंद्राला हात लावायची भाषा तरी कशी करवते?

नाकासमोर: गीतरामायणाचा वृत्तविभागाशी काय संबंध? भावनेवर किती दिवस चालवणार? खरा अन्याय वेगळाच आहे. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचंच बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. २०२३च्या सप्टेंबरात ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, शिफारस केली, तासाला दहा मिनिटं बातम्यांना परवानगी द्या. टीव्हीवर दिवसभर कुणीही ओरडावं आणि रेडिओवर बंदी! गावात दुसरा आवाजच नाही, मग एकाच्या बंद होण्यावर रडारड होणारच.

गोदाकाठचा: दहा मिनिटं दिली तरी काय होणार? जाहिरातदार जिकडे, बातमी तिकडे. आमच्या तालुक्याची बातमी कोण देईल?

नाकासमोर: आणि सरकारी रेडिओ सरकारला अडचणीचं किती बोलतो? मी एका खाजगी एफएम स्टेशनवर नोकरीला होतो. दरड कोसळली तेव्हा माइकसमोर बसून रस्ता बंद आहे एवढंच सांगितलं. माणसं अडकलीत म्हणायच्या आत वरून फोन आला, "ही बातमी होते, थांब." तो राग अजून गेलेला नाही.

मुठाकाठ: हे मात्र वाईट झालं, तिथे तुमच्याशी भांडत नाही. परवानगी मिळालीच पाहिजे. पण त्यासाठी पुण्याचा वृत्तविभाग बळी का द्यायचा?

नाकासमोर: बळी द्या कुठे म्हणालो? ठेवा. फक्त "आम्ही वाचवला" म्हणून पाठ थोपटण्याआधी सांगा, त्यात पूर्णवेळ माणसं नेमा म्हणून त्यानंतर किती जणांनी पत्र लिहिलं?

सदाशिवातला: मी लिहिलं. उत्तर नाही आलं. पुन्हा लिहिणार.

गोदाकाठचा: मग त्यात परभणीचंही नाव टाका.