कपाट लावणे: बंद करणे की नीट करणे?

पार्लेकरीण
दिवाळीआधी आमच्या सोसायटीत छंदांचा एक रविवार भरतो. यंदा तीन वर्ग आहेत: जुन्या साड्यांच्या पिशव्या, घरच्या ओव्हनमधली नानकटाई, आणि घर-कपाट नीटनेटकं ठेवणं. पत्रक इंग्रजीत आलं आणि मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिले दोन वर्ग सरळ उतरले. तिसरा होता 'वॉर्डरोब ऑर्गनायझिंग'. मी लिहिलं, 'कपाट लावण्याचा वर्ग'. आमचे सेक्रेटरी मूळचे लातूरचे. ते म्हणाले, "कपाट लावायला वर्ग कशाला? कडी घातली की झालं." सगळी कमिटी हसली.
आमच्या घरात 'आज कपाट लावायचंय' याचा अर्थ सगळं बाहेर काढायचं, घड्या घालायच्या आणि जागच्या जागी परत ठेवायचं. हा अर्थ मुंबईबाहेर नाहीच का? आणि पत्रकात काय लिहू? परवा छापायला जायचंय.

काजबटण
तुमचं बरोबर आहे, सेक्रेटरींचंही बरोबर आहे. 'कपाट लाव' असं जाताजाता कुणी म्हटलं की दार बंद करायचं. 'कपाट लावायला घेतलंय' म्हटलं की पलंगावर कपड्यांचा ढीग आणि जेवण उशिरा. 'घेतलंय' ऐकल्यावर कडी कुणाच्याच डोक्यात येत नाही.
शिवणात हे रोजचंच. शाळेला निघालेल्या पोराला 'बटण लाव' म्हटलं तर त्याने ते काजात अडकवायचं. तोच आईला 'बटण लावून दे' म्हणाला तर सुई-दोरा काढायचा. जाता जाता: जाड कापडावर बटण लावताना बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवून टाके तिच्यावरून घ्या. शेवटी काडी काढायची, बटण वर ओढायचं आणि खाली मोकळ्या झालेल्या दोऱ्याला तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. बटण कापडाला घट्ट चिकटून बसत नाही, काजात सहज जातं.

अनुस्वार
असे गोंधळ होतात कारण आपण आळशी झालो आहोत. मराठीत नेमकी क्रियापदे कमी आहेत का? दार मिटावे, दिवा उजळावा, रोप रोवावे, बटण टाकावे, कपाट रचावे. प्रत्येक कामाला 'लावणे' ही गरिबी आहे. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो शब्दांची शिस्त राहावी म्हणूनच. पत्रकात 'कपाटाची सुव्यवस्था' लिहा.

चुनाभट्टी
संध्याकाळी दिवे लागतात, म्हणून ती दिवेलागण. तुमच्या हिशेबाने दिवेउजळण म्हणायचं का?
आणि राज्यव्यवहारकोश फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला केला होता. 'लावणे' कुठे फारसी आहे? ते तर घरचंच.

अनुस्वार
घरचे आहे म्हणून कुठेही बसवायचे असे नाही.

नायगावचा
'रचणे' लाकडं नाहीतर विटा यांच्यासाठी ठीक आहे. साड्या रचल्या म्हणजे थप्पी मारली, झालं. कपाट लावण्यात निवड असते. नेसायच्या कुठल्या, मुंजी-लग्नाच्या कुठल्या, कुठल्या कामवाल्या मावशींना द्यायच्या, आणि कुठली फाटली असली तरी टाकायची नाही.
माझं बालपण बीडीडी चाळीत गेलं. 160 चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात माणसं. तिथे कपाट लावणं म्हणजे घर लावणं. गाद्यांच्या वळकट्या पलंगाखाली, पलंगाखालीच ट्रंक, ट्रंकेत स्वेटर आणि रेशनकार्ड, भिंतीला भांड्यांची मांडणी, मांडणीच्या वर डब्यांची रांग. एक डबा चुकीच्या जागी गेला तर चहाची पावडर सापडायची नाही. वरळीच्या चाळीतला आमचा एक नातेवाईक पुनर्विकासात 500 चौरस फुटांच्या घरात गेला. त्याला सगळे विचारत होते, "घर लागलं का?" म्हणजे सामान लागलं का. पण हाच प्रश्न ज्याने म्हाडाचा अर्ज भरलाय त्याला विचारा, त्याचं काळीज लकाकन हलेल. मुंबईत 'घर लागलं' म्हणजे आधी लॉटरी.

उकडीचा
हाहा, लॉटरीवाला अर्थ कोशात घालायलाच हवा.
बेकिंगवाल्यांकडून एक भर. कुकर लावतो तसा मी 'केक लावला' म्हणतो, म्हणजे ओव्हनमध्ये ठेवला. पण 'केक लागला' म्हटलं की सगळं बदललं! भात खाली लागतो तसा केक खाली लागला, म्हणजे बुडाशी करपला. लावला मी, लागला तो. एका मात्रेचा नाही, चांगल्या पाव किलो लोण्याचा फरक आहे.

जुनी_ट्रंक
उकडीचा यांनी नकळत मुद्द्याला हात घातलाय. लागणे अकर्मक, लावणे सकर्मक, ही जोडी आहे. मी दार लावलं, दार लागलं. फोन लावला, फोन लागला (किंवा मुंबईत, लागला नाही). फॉल लावला, बटण लावलं, रेडिओ लावला, सगळ्यांना जोडीदार आहे. कपाटालाही आहे: "एकदाचं कपाट लागलं!" हे वाक्य दार बंद झाल्याबद्दल कुणी सुटकेचा श्वास टाकून म्हणणार नाही. (कपाटाचं दार बिजागरीत वाकडं झालं असेल तर म्हणेलही. आमचं आहे.)
जोडी फिसकटते ती केक-भातात. भात लावला याचं फळ 'भात शिजला' असतं, 'लागला' म्हणजे घात. म्हणून 'लावणे' सैल नाही. वस्तू बदलली की काम बदलतं, आणि ऐकणाऱ्याला ते आपोआप कळतं. 'छंद' घ्या. छंद लागतो. तो कुणी लावू शकत नाही. लावली जाते ती शिस्त, नाहीतर सवय.

काजबटण
मुलाला वाचनाचा छंद लावला, असं म्हणतात की.

जुनी_ट्रंक
पालक म्हणतात. मुलाला विचारा.

अनुस्वार
व्याकरण मान्य. पण पत्रक वाचणारा सोसायटीतला माणूस जोड्या लावत बसणार नाही. लेखी मराठी आणि ओट्याजवळची मराठी यात अंतर असावे.

चुनाभट्टी
'जोड्या लावत' बसणार नाही, हे तुम्हीच लिहिलंत.

अनुस्वार
तो वाक्प्रचार आहे.

पार्लेकरीण
मंडळी, 'सुव्यवस्था' लिहिलं तर कायदा आणि सुव्यवस्थेचा वर्ग वाटेल. 'आवराआवर' कसं वाटतं?

निळी_बरणी
आवराआवर चालेल, पण त्याला पाहुणे यायचा वास आहे. पाहुणे यायच्या आधी जे दिसतं ते लपवायचं, म्हणजे आवराआवर. आणि आमच्याकडे 'आवरलं का?' म्हणजे अंघोळ-कपडे होऊन निघायला तयार आहेस का. तुमच्या वर्गाला लोक डबे घेऊन येतील की तयार होऊन येतील, सांगता येत नाही.
त्या जपानच्या मारी कोंडो बाई सांगतात तसं असेल तर त्याला आवराआवर म्हणूच नका. त्यांचा क्रम ठरलेला: आधी कपडे, मग पुस्तकं, कागदपत्रं, किरकोळ वस्तू आणि आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी. घरातले सगळे कपडे एका जागी ओतायचे आणि एकेक हातात घेऊन ठरवायचं. मी केलं. वन आरके आहे, ओतायला जागा म्हणजे पलंग. रात्री झोपायला पलंग मिळेना म्हणून अर्धे कपडे परत कोंबले. त्याला काय म्हणायचं, लावणं का कोंबणं?

नायगावचा
त्याला मुंबई म्हणायचं.

खणाळी
शब्द निघालाच आहे तर, कपाटाच्या आतल्या भागाला तुम्ही सगळे काय म्हणता? आम्ही कोल्हापूरकडचे, आम्ही 'खण' म्हणतो. वरचा खण, मधला खण. इथे ठाण्यात सगळे 'कप्पा' नाहीतर थेट 'शेल्फ'. माझ्या आजीचं एक वाक्य घरात अजून चालतं: "खणातले खण काढ." पहिला खण कपाटाचा, दुसरे चोळीचे, गुळेदगुड्डचे. सुनेला पहिल्या वर्षी काही कळलं नव्हतं म्हणे. ती पेटीच्या तळाशी हात घालून बसलेली आणि आजी दारातून, "खालचा नव्हे, वरचा खण!"

उकडीचा
कप्पा. आणि क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलात तर कप्प्यांच्या प्लास्टिक डब्याला 'ऑर्गनायझर'च म्हणावं लागतं, नाहीतर दुकानदार टिफिन काढून दाखवतो.

अनुस्वार
दुकानदाराला कळत नाही म्हणून आपण शब्द सोडायचा हेच तर सगळीकडे झाले.

उकडीचा
मी शब्द सोडला नाही, डबा घेतला. तुम्ही शब्दांचे रक्षक आहात तर हे घ्या. बेकरीवाले 'लॅमिनेशन' म्हणतात, त्याला आपल्याकडे 'साटा' तयार आहे. तूप फेसून पांढरं करायचं, त्यात कॉर्नफ्लॉवर किंवा तांदळाची पिठी, तो साटा पातळ पोळीला लावायचा, वर दुसरी पोळी, परत साटा, परत पोळी. घट्ट गुंडाळी, बोटभर तुकडे, हलकेच लाटून करंजी. तळताना पदर सुटतात. खारीत तेच तत्त्व: पिठाच्या पदरांमध्ये चरबी, ओव्हनच्या उष्णतेत पाण्याची वाफ होते आणि पदर उचलले जातात. माझ्या नानकटाईच्या वर्गात मी 'मोहन' आणि 'साटा' हेच शब्द वापरतो. इंग्रजीतला 'शॉर्टनिंग' म्हणजे मोहनच की. तूप पिठाच्या कणांना वेढून बसतं, पाणी पोचू देत नाही, पिठाला चिवटपणा येत नाही, म्हणून खुसखुशीत.

अनुस्वार
वा! हे आवडले. मात्र बघा, इथे 'साटा लावणे' सोडून 'साटा घालणे' म्हणता येईल.

उकडीचा
घातला तर आत जाईल. मोहन घालतात, साटा लावतात. उलटं केलंत तर करंजीची पुरी होईल.

चुनाभट्टी
साटा आणि साटेलोटे यांचं काही नातं? दोन घरांनी एकमेकांना मुली द्यायच्या, एका पदरावर दुसरा पदर. मला नेहमी वाटतं.

जुनी_ट्रंक
वाटू दे. पण साटेलोटे ही अदलाबदल आहे. साट्यात पोळी कुणाची बदलत नाही.

चुनाभट्टी
मग 'लावणी' तरी 'लावणे'तून आली का नाही? मी कधीपासून म्हणतोय, भाताची लावणी आणि फडावरची लावणी एकच. शब्द ओळीने लावत जायचे, आवण म्हणजे भाताची रोपं लावतात तसे.

खणाळी
लावण्य! लावणी लावण्यातून आली, आम्हाला शाळेत हेच शिकवलंय.

चुनाभट्टी
शाळेत काय, हस्तकलेलाही कार्यानुभव शिकवलाय. दोन्ही मतं छापील आहेत. चिखलात उभं राहून आवण लावलं असेल तर माझी बाजू घ्याल. अलिबागला मामाकडे मी लावलंय. कंबर मोडते, पण पोरी गातात.

निळी_बरणी
चिखलात गातात ते निराळं आणि फडावरचं निराळं. एक सांगा, तुम्ही गात होतात का?

पार्लेकरीण
पत्रक उद्या सकाळी जातंय. कुणी तरी एक ओळ सुचवा.

काजबटण
'कपाट लावू या, घर लावू या' असं दोन्ही ठेवा, मग कडीचा अर्थ निघणार नाही. किंवा सरळ 'कपाट कसं लावायचं', प्रश्न विचारला की बंद करण्याचा अर्थ गळतो.

अनुस्वार
'कपाट कसे लावावे' तरी लिहा.

नायगावचा
लोखंडी गोदरेज असेल तर तोही प्रश्न खराच आहे. आमचं अजून लागत नाही, मूठ वर उचलून गुडघा टेकवावा लागतो.

काजबटण
मूठ नाही, हँडल.

नायगावचा
मूठ. कपाटाला मूठच असते.

खणाळी
आमच्याकडे दांडी.