खोका काढण्याआधी एक मिनिट
जुना ट्यूबवाला टीव्ही वापरून घरी आर्केड गेमचं कॅबिनेट (व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असतं तसं उभं कपाट) बनवण्याच्या चर्चेत कुणीतरी सुचवलंय की टीव्हीचा प्लास्टिकचा खोका काढून नुसती पिक्चर ट्यूब प्लायवूडच्या कॅबिनेटमध्ये बसवावी. दिसायला झकास, पण मी नाही करणार. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर (ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकावर) २० ते ३० हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तो विद्युतभार बराच काळ टिकू शकतो. खोक्यासकट टीव्ही फळीवर ठेवा, पुढून चौकट लावा, मागे हवेला जागा सोडा. काम भागतं.

खरी मेख सिग्नलची आहे. साधा टीव्ही चित्राच्या आडव्या रेषा सुमारे १५.७ किलोहर्ट्झच्या वेगाने काढतो, कॉम्प्युटरचं व्हीजीए (मॉनिटरचं जुनं कनेक्शन) ३१ च्या पुढे. नुसती केबल बदलून चित्र येणार नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं कंपोझिट आउटपुट (सगळं चित्र एकाच तारेतून देणारं) सर्वात सोपं. टीव्हीला आरजीबी स्कार्ट (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळ्या तारांतून घेणारं सॉकेट) असेल तर मात्र तेच वापरा, फरक डोळ्यांना लगेच कळतो.

पॅक-मॅनसारख्या उभ्या पडद्याच्या गेमसाठी टीव्ही एका बाजूवर आडवा पाडणार असाल तर कोपऱ्यात रंगांचे डाग दिसतील. घाबरू नका, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा प्रताप! डीगॉस केलं (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवलं) की जातात. स्पीकर मात्र शील्डेड (चुंबकत्व बाहेर न पसरू देणारे) घ्या, नाहीतर डाग मुक्कामालाच येतील.