विषय: मुंबई–लंडन विमानप्रवास, नेमके किती तास?

नमस्कार मंडळी,
आई डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच एकटी येते आहे, मुंबईहून थेट लंडनला. दोन विमानतळांमधलं अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० धरले तर आठ तास. तिकिटावर मात्र दुपारी १ ला निघून संध्याकाळी साडेपाचला पोहोचणार असं आहे. आई म्हणते, "साडेचार तासांचाच प्रवास की!" तिच्या गोळ्या तासांवर असतात, म्हणून खरा आकडा हवा आहे.

---

उत्तर:
ताई, आईंना दहा तास सांगा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे, तेवढे साडेचारात मिळवायचे. (उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा फरक साडेचारच.) विमान जागेवरून हललं की हे तास सुरू होतात आणि लंडनला जागेवर लागलं की संपतात. धावपट्टीपाशी रांगेत जाणारा वेळही त्यातच.

आठाचे दहा होण्यात वाऱ्याचा वाटा मोठा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. इकडे येताना तो समोरून लागतो, परत जाताना पाठीशी असतो. म्हणून परतीला नऊच्या आसपास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हा वारा इतका वाढला होता की न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं!

---

उत्तर:
काकांच्या उत्तरात थोडी भर. ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर आहे, विमानाची वाट नव्हे. घरी पृथ्वीगोल असेल तर लंडन आणि मुंबईमध्ये दोरा ताणून बघा, मुलांनाही दाखवा. नकाशावर मुंबई आग्नेयेला दिसते, पण दोरा लंडनहून जवळजवळ थेट पूर्वेला निघतो. पुढे युक्रेन, काळ्या समुद्राचं टोक, कॉकेशस, इराण आणि कराचीच्या जवळून मुंबई.

आता अडचण बघा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना वाट बंद केली. वळसा आला की किलोमीटर वाढतात, इंधन वाढतं, आणि एकाच दिवशीच्या दोन कंपन्यांच्या वेळांतही फरक पडतो. त्यामुळे अंतरावरून वेळ काढू नका, आपल्याच विमानाच्या वेळापत्रकातली वेळ धरा. निघायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा एकदा बघा.

---

उत्तर:
दोघांचेही मनापासून आभार. दोरा लावून पाहिला, खरंच पूर्वेलाच जातो! आईला सांगितलं आहे, हातातलं घड्याळ घरी येईपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेव. त्यावर रात्रीचे ११ वाजले की लंडन. रात्रीची गोळी विमानातच घ्यायची का, ते तिच्या डॉक्टरांना आज विचारते.