मदत हवी आहे: क्लायंबर मचाण दहा-बारा फुटांवर गेलं की पुढे झुकतं

रानवारा
मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन उघडतोय आणि माझं क्लायंबर (वर बैठक आणि खाली प्लॅटफॉर्म, दोन्ही झाडाला धरून आळीपाळीनं वर सरकवत चढायचं मचाण) अजून धड चढत नाहीये. जमिनीवर प्लॅटफॉर्म अगदी पाणसळीत लावतो, तेव्हा सगळं ठीक वाटतं. दहा-बारा फुटांवर गेलो की बाहेरची कड खाली झुकते आणि बूट पुढे सरकायला लागतात. दोनदा खालचा भाग पायातून निसटून दोन-तीन फूट खाली जाऊन अडकला. नवीन घेऊ का, आणि कोणतं घेऊ, एवढंच सांगा. वेळ कमी आहे. शिकार करावी की नाही या वादासाठी कृपया वेगळा धागा काढा.

ओकखालचा
कोणतं घ्यायचं ते नंतर बघू. आधी हे सांगा:
झाड कोणतं? छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर किती, टेप लावून? तुमचं वजन कपडे, बूट, पिशवी, बंदूक धरून किती? झाडाभोवती केबल आहे की पट्टा? वरचा आणि खालचा भाग एकमेकांना दोरानं बांधलेले आहेत का?
शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

डोंगरकडा
क्लायंबर विकून टाका आणि शिडीचं मचाण घ्या. पंधरा फुटी शिडी, तीन पट्टे, विषय संपला. चढताना आवाज नाही, झाडाला फांद्या असल्या तरी चालतं.

ओकखालचा
@डोंगरकडा, शिडीचं मचाण साठ-सत्तर पौंडांच्या आसपास जातं आणि उभं करायला तीन माणसं लागतात. स्वतःच्या शेतावर ठीक. सरकारी जंगलात रोज आत-बाहेर करायचं असेल तर वीस पौंडांचं क्लायंबर पाठीवर टाकून जाता येतं. जागा खाजगी की सरकारी हेही धागाकर्त्यांनी सांगितलेलं नाही.

रानवारा
सरकारी जंगल. वजन १९० पौंड. झाड मोठं आणि सरळ आहे, खाली फांद्या नाहीत. केबल आहे. सेकंडहँड घेतलंय, स्टिकर निघालाय त्यामुळे मॉडेल माहीत नाही. दोर वगैरे काही आलं नव्हतं सोबत.

ओकखालचा
मग दोन वेगळे दोष आहेत, वेगवेगळे घ्या.

पहिला, झुकण्याचा. हा मचाणाचा दोष नाही, झाड वर निमुळतं होत जातं त्याचा आहे. समजा छातीशी घेर ५० इंच आहे, म्हणजे व्यास साधारण १६ इंच. अठरा फुटांवर घेर ३८ इंच असेल तर व्यास १२ वर आला. केबलचा फास तुम्ही जमिनीवर १६ इंचांसाठी लावलाय, तो वर सैल पडतो. प्लॅटफॉर्मचे दात झाडाच्या या बाजूला रुततात, केबल पलीकडच्या बाजूला वरून धरते. फास सैल झाला की बाहेरची कड खाली जाणारच. म्हणून जमिनीवर पाणसळीत लावायचंच नाही. बाहेरची कड नजरेला स्पष्ट दिसेल इतकी वर ठेवून सुरुवात करायची, म्हणजे बसायच्या उंचीवर ती पाणसळीत येते. एकदा चढून अंदाज घ्या. चुकला तर पूर्ण खाली उतरून केबल पिनच्या एका भोकानं आत घ्या आणि पुन्हा चढा. वर असताना पिन काढून केबल बदलायचा मोह होतो, तो टाळा. त्या क्षणी तुम्हाला तोलणारं दुसरं काही नसतं.

दुसरा, खालचा भाग निसटण्याचा. वरच्या बैठकीवर वजन टाकून पाय उचलता तेव्हा खालच्या भागावर भार नसतो. त्याची पकड भारामुळेच असते, भार गेला की तो मोकळा. पायाच्या पट्ट्यातून बूट सुटला की तो सरळ खाली जातो आणि तुम्ही वर बैठकीवर लटकत राहता, उतरायला काहीच उरत नाही. दोन-तीन फुटांवर अडकला हे नशीब. दोन्ही भाग जोडणारा दोर कंपनी देते, तो तुमच्याकडे आलेलाच नाही. तो लावल्याशिवाय एक फूटही चढू नका.

माडाखाली
आमच्याकडे रत्नागिरीत माडावर चढायचं यंत्र असतं, केरळातलं चेंबेरी पद्धतीचं. दोन पायांना दोन फ्रेम, प्रत्येक फ्रेमला माडाभोवती वायररोपचा फास. एक पाय उचलून फ्रेम वर सरकवायची, त्यावर वजन टाकायचं, मग दुसरा पाय. पहिल्यांदा चढताना पाय सरळ वर न उचलता बाहेर उचलला तर फास तिरका होऊन अडकतो, हे लक्षात ठेवा. नारळ विकास मंडळाच्या ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ प्रशिक्षणात हे शिकवतात, २०११ पासून. गोव्यात पाडेली (नारळ पाडणारे) मिळत नाहीत म्हणून तिकडेही यंत्र वापरतात. तुम्हाला हवं तर फोटो टाकतो.

जंगलवाट
माडाखाली, फोटो नक्की टाका. तत्त्व तेच आहे. पण एक फरक: माडाचं खोड बुंध्यापासून झावळ्यांपर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचं असतं, त्यामुळे तिथे झुकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. ओक किंवा मेपल तसा नसतो. शिवाय तुमच्या यंत्रात दोन्ही पायांवर उभं राहायचं असतं, क्लायंबरमध्ये वरच्या भागावर बसून पाय उचलायचे असतात.

मोकळंआभाळ
क्लायंबर म्हणजे नको तेवढं लोखंड. सॅडल घ्या. कमरेचा आणि मांडीचा पट्टा, झाडाला बांधून पाय ठेवायच्या चार चढायच्या काठ्या, एक छोटा प्लॅटफॉर्म. बारा-तेरा पौंडांत सगळं बसतं. झाड वाकडं असो, फांद्यांचं असो, कुठेही चालतं. चढताना लाइनमन दोर झाडाभोवती घेऊन कमरेला सतत बांधलेला असतो, त्यामुळे क्षणभरही मोकळे नसता.

ओकखालचा
सॅडल उत्तमच आहे, पण चार दिवसांवर सीझन असताना नवखा माणूस ते शिकू शकत नाही. काठी बांधताना लाइनमन दोर सैल करून फांदीवरून पलीकडे टाकायचा असतो, तेव्हा दुसरा दोर आधी लावावा लागतो. नवखे नेमके तिथे चुकतात. मला ते दहा फुटांवर, कोणी सोबत असताना शिकावं असंच वाटतं.

मोकळंआभाळ
सरळ खोडावर लाइनमन दोर सोडायचीच गरज नसते. सगळीकडे फांद्या असतात असं नाही ना.

ओकखालचा
सरळ, फांद्या नसलेलंच खोड असेल तर मग क्लायंबर का नको?

डेट्रॉइटकर_ताई
अवांतर पण कामाचं. रानवारा, तुम्ही एच-वन बी वर असाल तर संघीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही, पण तुमच्या नावाचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो. आणि १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्म असेल तर मिशिगनला हंटर सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, नाहीतर अप्रेंटिस लायसन्सवर सोबत अनुभवी माणूस हवा. बारकावे वकिलाकडून तपासून घ्या.

रानवारा
ताई, ग्रीन कार्ड आहे, लायसन्सही आहे. विषयावर येऊ या. झाडाचं नाव नक्की सांगता येत नाही. खोड उभं, साल मध्ये मध्ये निघालेली आहे, खाली फिकट लाकूड दिसतं. लाकडावर बारीक भोकं आहेत. घेर मोजला, ४४ इंच. पडलो तर धरून ठेवणारा पट्ट्यांचा हार्नेस आहे माझ्याकडे, वर पोचल्यावर लावतो.

जंगलवाट
थांबा. भोकं गोल आहेत की एक बाजू सपाट, इंग्रजी डी अक्षरासारखी? साल निघालेल्या जागी लाकडावर नागमोडी खाचा आहेत का?

रानवारा
डी सारखीच. खाचा पण आहेत. का?

जंगलवाट
तो ॲश आहे आणि मेलेला आहे. एमराल्ड ॲश बोरर, हिरव्या पंखांचा भुंगेरा. उत्तर अमेरिकेत तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला तो डेट्रॉइटच्याच परिसरात, त्यामुळे दक्षिण मिशिगनमध्ये असे उभे मेलेले ॲश जागोजागी आहेत. अळ्या सालीखाली खाचा पाडतात, त्यातून झाडाचं पाणी-अन्न तुटतं. प्रौढ किडा बाहेर पडतो तेव्हा डी आकाराचं भोक राहतं, इंचाचा आठवा भाग. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. बाहेरून सरळ, फांद्या नसलेला, अगदी क्लायंबरसाठी बनवल्यासारखा दिसतो आणि वरून काही सूचना न देता तुटतो. साल निघाली म्हणजे दातांनाही धरायला काही नाही, खालचा भाग निसटायला हेही एक कारण. या झाडावर चढू नका. खाली उभंही राहू नका, वारा असेल तर.

शोधायचं असेल तर जिवंत ओक शोधा. लाल ओक चांगला, सालीत दात नीट बसतात. पाइन चालतो, पण चीक लागतो आणि फांद्या लवकर सुरू होतात. बीच आणि ॲस्पन गुळगुळीत असतात, पाऊस किंवा दहिवर पडलं की घसरतात. शॅगबार्क हिकरीची साल मोठ्या पापुद्र्यांनी सुटते, दात सालीत रुतल्यासारखे वाटतात आणि पापुद्र्यासकट खाली येतात. घेर साधारण २५ ते ६३ इंच, म्हणजे व्यास ८ ते २०, पण तुमच्या मॉडेलची मर्यादा वेगळी असू शकते.

ओकखालचा
‘हार्नेस वर पोचल्यावर लावतो’ हे वाचून मचाणाचा प्रश्न बाजूला ठेवावासा वाटला. पडण्याचे कितीतरी प्रसंग चढता-उतरतानाचेच असतात. वर बसल्यावर हार्नेस लावणं म्हणजे धोका संपल्यावर छत्री उघडणं.

हार्नेस जमिनीवर घालायचा, पूर्ण अंगाचा, छातीचा आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे लावून. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळवा जाईल, मूठ जाणार नाही इतका घट्ट. झाडाभोवतीचा पट्टा डोक्याच्या वर बांधायचा, त्याला हार्नेसचा टेदर (पाठीमागचा जोडपट्टा) अडकवायचा, आणि प्रत्येक एक-दोन पावलांनंतर पट्टा वर सरकवायचा. प्रुसिक गाठ असेल तर ती हातानं सरकते, भार पडला की आवळते. बसल्यावर टेदर जवळजवळ ताणलेला हवा. कमरेच्या उंचीला बांधला तर पडताना तो लांबीइतका तुम्हाला खाली जाऊ देतो, आणि मग झटका बसतो.

चढायची क्रिया: खालच्या भागावर उभं राहा. वरच्या भागाची बाहेरची कड उचला म्हणजे पकड सुटते, दहा-बारा इंच वर सरकवा, कड खाली दाबून दात बसवा. हलवून बघा. मग बसा. बूट पट्ट्यात आहेत ना ते बघा, टाचा उचलून खालचा भाग वर ओढा, पुन्हा दाबून बसवा. मग उभं राहा. घाई केली की दात अर्धेच बसतात. पंधरा-अठरा फूट पुरे. वर पोचल्यावर दोन्ही भाग स्टॅबिलायझर पट्ट्यानं एकत्र आवळा, नाहीतर उठताना खालचा ढिला होऊ शकतो.

रानवारा
म्हणजे नवीन घ्यायलाच नको?

ओकखालचा
मॉडेल ओळखता येत नाही, वजनमर्यादा माहीत नाही, दोर नाही. तुमचे १९० पौंड म्हणजे फक्त अंगाचे असतील तर हिवाळी कपडे, बूट, पिशवी, बंदूक धरून २२० च्या पुढे जाल. केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची तुकडी तपासा, तारा सुटल्या असतील तर ती केबल संपली. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी भेग दिसली तर संपूर्ण मचाण बाद. हे सगळं ठीक निघालं तरी मी अनोळखी सेकंडहँडवर चढायला सांगणार नाही. समिट कंपनीचं वायपर क्लायंबर बघा, वीस पौंडांच्या आसपास आणि मर्यादा ३०० पौंड. त्यांचंच गोलायथ ३५० पर्यंत घेतं. हार्नेसवरची बनावटीची तारीखही बघा, पाच वर्षं झाली असली तर नवा घ्या. एकदा पडून झटका घेतलेला हार्नेस तारखेकडे न बघता टाकून द्यायचा.

वाटसरू
हरणाचं मटण कसं शिजवता? चरबी फार नसते म्हणे.

डेट्रॉइटकर_ताई
चरबी आणि पांढरा पापुद्रा आधी पूर्ण काढा, वास त्यातच असतो. मांडीचे तुकडे कुकरमध्ये ठीक, पण पाठीचा मऊ भाग जास्त शिजवला की चामड्यासारखा होतो. वेगळा धागा काढू या.

सह्यकडा
आपल्याकडे सह्याद्रीत असं मचाण वापरता येईल का?

जंगलवाट
शिकारीसाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार गुन्हा आहे. प्राणिगणनेसाठी वनखातं स्वतःची मचाणं वापरतं, ती बांधीव असतात.

रानवारा
नवीन मागवलं, दोर सोबत येतो असं लिहिलंय. ओक सापडला, जिवंत आहे, छातीशी घेर ४६ इंच, फांद्या अठरा फुटांच्या वर. बंदूक वर कशी न्यायची? खांद्यावर चालेल?

ओकखालचा
नाही. चढताना हात मोकळे हवेत आणि बंदूक अंगावर नकोच. खाली गोळ्या काढा, चेंबर (नळीच्या मागची गोळीची जागा) उघडून बघा, अ‍ॅक्शन उघडी ठेवा. पंचवीस-तीस फुटांची दोरी, तिचं वरचं टोक मचाणाला बांधून चढा. बंदूक नळी खाली करून बांधा, ट्रिगरगार्डला दोरी लागू देऊ नका, आणि ती तुमच्या थेट खाली नसेल अशी बाजूला ठेवा. वर पोचून, टेदर लावून, दोन्ही भाग आवळून झाल्यावरच ओढून घ्या आणि मग भरा. उतरताना उलट क्रम, आधी रिकामी करून खाली सोडा.

शनिवारी दिवसाउजेडी, जमिनीपासून दोन फुटांवर, कोणीतरी सोबत असताना हार्नेसमध्ये लटकून बघा. लटकल्यावर मांड्यांत रक्त साचतं, काही मिनिटांतच त्रास सुरू होतो. हार्नेससोबत येणारा रिलीफ पट्टा खिशात असेल तो काढून त्यात पाय देऊन उभं राहता येतं का ते बघा. फोन आणि शिट्टी छातीच्या खिशात, पाठपिशवीत नको. लटकलेल्या अवस्थेत पिशवीपर्यंत हात जात नाही.

मोकळंआभाळ
सॅडलमध्ये तुम्ही आधीपासूनच लटकलेले असता, तेव्हा हा प्रश्न येत नाही.

माडाखाली
फोटो सापडला, उद्या टाकतो. माडाचा घेर २८ इंच आहे, कुणाला हवं असेल तर.